एकाहत्तर गुंठे

पिंपळगाव रेणुकाईचं नाव भोकरदन तालुक्याबाहेर घेतलं जातं ते हिरव्या मिरचीसाठी. हंगामात इथं बाजार भरतो. परगावचे व्यापारी येऊन बसतात, आसपासच्या खेड्यांतून मिरचीची पोती येऊन पडतात, गाड्या भरल्या की माल परराज्यांत निघून जातो. बाजार समिती असते, आडते असतात, हमाल असतात. पण या बाजाराचा मालक कोण, असं विचारलं तर गावातला माणूस क्षणभर गोंधळेल. व्यापारी बदलतात. भाव चढतो आणि पडतो, एखाद्या साली इतका पडतो की तोडणीची मजुरीही निघत नाही. तरी पुढच्या वर्षी बाजार त्याच जागी भरतो. जागा ठरलेली आहे आणि पायांना तिथं जायची सवय आहे.

लेख फुटबॉलचा आहे, तरी सुरुवात मिरचीपासून केली, कारण मला जे म्हणायचं आहे ते या बाजारात उघड दिसतं. खालच्या पायरीवरचा फुटबॉल क्लब म्हणजे ज्याचे सामने टीव्हीवर दिसत नाहीत आणि ज्याच्या खेळाडूंना वेशीबाहेर कुणी ओळखत नाही. असा क्लब जगतो की मरतो हे पैशावर ठरतं, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं की ते जागेवर ठरतं. मैदान कुठं आहे, ते कुणाच्या नावावर आहे आणि संघ हरल्यावरही तिथं जायची सवय किती जणांना आहे, एवढं कळलं की क्लबचं आयुर्मान सांगता येतं. महाराष्ट्रात याचा पुरावा एकाच मैदानावर, एकाच दशकात, चार वेळा मिळालेला आहे.

बालेवाडीचं दशक

पुण्याच्या पश्चिमेला म्हाळुंगे-बालेवाडीत श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभं राहिलं ते १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी. २००८ साली तिथं राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाल्या. पुढच्याच वर्षी या मैदानाला पहिल्या श्रेणीतला फुटबॉल क्लब मिळाला. पुणे एफसी हा संघ अशोक पिरामल समूहाने २००७ साली काढला होता. दोन हंगाम दुसऱ्या श्रेणीत काढून तो आय-लीगमध्ये चढला आणि पहिल्याच हंगामात, २००९-१०मध्ये, तिसरा आला. डेरिक परेरांसारखा जाणता प्रशिक्षक होता, स्वतःची अकादमी होती. २०१२-१३ला तो देशात दुसरा आला. पैसा, नियोजन, खेळ, यांतलं काहीही कमी नव्हतं. २०१४-१५चा हंगाम संपला आणि क्लबही संपला. अकादमी पुढे दुसऱ्या क्लबाकडे गेली.

त्याच हंगामात कल्याणी समूहाचा भारत एफसी याच मैदानावर उतरला होता. तो एकच हंगाम टिकला. मग डीएसके शिवाजियन्सची पाळी आली. या चौघांत खऱ्या अर्थाने खालून आलेला क्लब हाच. १९८७ साली स्थापन झालेला, पुण्याच्या स्थानिक फुटबॉलमध्ये वाढलेला. बिल्डरच्या पैशामुळे त्याच्या नावाआधी तीन अक्षरं लागली, २०१५मध्ये आय-लीगचं दार उघडलं, आणि २०१६-१७चा हंगाम त्या पातळीवरचा त्याचा शेवटचा ठरला. खाली राहून जो तीस वर्षांच्या घरात पोचला, तो वर गेल्यावर दोन हंगामांत आटोपला.

चौथा एफसी पुणे सिटी. २०१४ साली इंडियन सुपर लीगबरोबर जन्मला, सिनेमातलं झगमगीत नाव भागीदार म्हणून लाभलं, २०१७-१८ला उपांत्य फेरीपर्यंत गेला. २०१९मध्ये तोही मिटला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादने घेतली. हैदराबाद २०२१-२२ला विजेतं झालं. २०२५मध्ये ती जागा दिल्लीला गेली. पुणे, हैदराबाद, दिल्ली! एसटीच्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी आणि पुढच्या थांब्यावर रुमालासकट ती दुसऱ्याला द्यावी, तसा हा प्रकार. बसणारा बदलला, तिकीट फिरत राहिलं. त्याला क्लब म्हणायचं ते केवळ छापील कागदावर तसं लिहिलं होतं म्हणून.

दहा वर्षं, चार क्लब, एक मैदान. मैदान आजही आपल्या जागी आहे.

मालकांना शिव्या घालून हा विषय संपवता येईल, पण ते प्रामाणिक होणार नाही. २०१४ साली सुपर लीग आली ती आठ संघांची, बंद दाराची. आय-लीगमधल्या क्लबाने कितीही जिंकलं तरी त्याला वर जायचा रस्ता नव्हता. तो उघडून खालचा पहिला संघ, पंजाब एफसी, सुपर लीगमध्ये चढायला २०२३ साल उजाडलं. शिडीची वरची पायरीच काढून घेतल्यावर खाली उभं राहून खर्च करायचा कशाला, हा व्यापाऱ्याचा हिशेब चूक नव्हता. आणि त्या वरच्या घराचाही पाया किती खोल, हे २०२५च्या जुलैत दिसलं. लीग चालवायच्या हक्कांच्या कराराची मुदत संपत आली, तेव्हा देशाच्या सर्वोच्च लीगचा नवा हंगाम थांबवून ठेवायची वेळ आली. देशाचा फुटबॉल एका कराराच्या तारखेला बांधलेला निघाला.

म्हणून प्रश्न मालक का गेले हा नाहीच. व्यापारी जाणारच, नफ्यासाठी आलेला माणूस तोट्यात थांबत नाही, आणि त्यात पाप नाही. प्रश्न असा की मालक गेल्यावर पुण्यात कुणाच्या हातात काहीच का उरलं नाही? मुंबईतही हेच घडलं होतं. १९६२पासूनचा महिंद्राचा संघ २००५-०६ला राष्ट्रीय लीगचा विजेता झाला, २०१०मध्ये कंपनीने तो बंद केला. विजेतेपदही त्याला वाचवू शकलं नाही. आपल्या मराठवाड्यातल्या वाचकासाठी याहून जुना दाखला हैदराबादचा आहे. हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. त्याचे प्रशिक्षक एस. ए. रहीम, ज्यांच्या हाताखाली भारत १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा आला. जालना तेव्हा त्याच हैदराबाद राज्यात होता. राज्य गेलं, तो संघ इतिहासात जमा झाला, आणि आज मराठवाड्यात फुटबॉलचा विषय निघाला तर त्या वारशाची आठवण कुणी काढत नाही. मालक कंपनी असो की सरकारी खातं, संघ पगारपत्रकावर उभा असेल तर पगारपत्रकाबरोबर जातो.

बालेवाडीची गोष्ट आणखी थोडी वेगळी होती. पुण्याचा जुना फुटबॉल कॅम्पात आणि खडकीत वाढला. तिथल्या पोराला बालेवाडी म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाचा प्रवास. संध्याकाळी सहज चक्कर मारावी, सराव बघावा, गोलीला चार शब्द सुनवावेत, अशी ती जागा नव्हती. सामना असेल त्या दिवशी जायचं, तिकीट काढायचं, परतायचं. मैदान सरकारचं, क्लब तिथला पाहुणा आणि प्रेक्षक पाहुण्याचा पाहुणा. पाहुण्याने बॅग भरली तर त्याला अडवायचं कुणी?

तळ्याच्या जागी

आता कोल्हापूर. या शहरात अनेक तळी होती आणि एकेक करून ती बुजली. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थाची भाजी मंडई झाली, आणि रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी राजर्षी शाहू स्टेडियम आलं. तळी बुजवल्याचं समर्थन मी करणार नाही. पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साठतं तेव्हा वरुणतीर्थ आपला हक्क सांगतच असतं. पण रावणेश्वराच्या जागेचं जे झालं ते महाराष्ट्रात दुसरीकडे झालं नाही.

मैदान शहराच्या पोटात आहे. मंगळवार पेठेतून, शिवाजी पेठेतून, रविवार पेठेतून माणूस चालत येतो. इथं खेळणाऱ्या संघांची नावं पाहा: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान पूर्ण झालं, पेठापेठांत तालमी होत्या. त्याच तालमींनी पुढे फुटबॉल उचलला. लाल मातीत अंग घासणाऱ्यांच्या घरात बूट आले. म्हणजे क्लब नव्याने काढावाच लागला नाही. संघटना होती, कट्टा होता, वर्गणी गोळा करायची रीत होती, आणि शेजारच्या पेठेशी पिढीजात ईर्षा होती. फुटबॉल त्यात येऊन बसला.

या तालमी गणपती बसवतात, शिवजयंती करतात, रक्तदानाची शिबिरं घेतात, मयतीला खांदा द्यायला पोरं पाठवतात. संघ सलग पाच सामने हरला म्हणून यातलं काही थांबत नाही. तालीम मंडळाचा फुटबॉल बंद पाडायचा तर आधी पेठ रिकामी करावी लागेल. बालेवाडीच्या चौघांच्या पाठीशी अशी पेठ नव्हती.

पण पेठ एकटी पुरली नसती. कोल्हापूरची खरी शहाणीव माझ्या मते दुसरीकडे आहे, आणि तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. शाहू स्टेडियम कुठल्याही एका क्लबाचं नाही. ते कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचं. ही संस्था १९४० सालची. वरिष्ठ गटातले सोळा संघ याच एका मैदानावर खेळतात. पाटाकडीलचं घर तेच, शिवाजीचं घर तेच, दिलबहारचं घरही तेच. एकमेकांचं तोंड न बघणारे लोक एकाच चुलीवर भाकरी भाजतात. त्यामुळे एखाद्या मंडळाकडे पैसे संपले, पदाधिकारी भांडले, पुढारी रुसला, तरी मैदान विकायला काढता येत नाही. ते त्याचं नाहीच. भांडण खेळाचं राहतं, जागेचं होत नाही.

मी कोल्हापूरचा भाट नाही, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. तिथल्या सामन्यांत प्रेक्षकांच्या हाणामाऱ्या होतात, पोलीस बोलवावे लागतात, शिवीगाळीमुळे शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने कान झाकावेत अशी वेळ येते. वर्गणीच्या आणि पुढाऱ्यांच्या पैशातून आफ्रिकेतले खेळाडू हंगामापुरते आणले जातात आणि पेठेचा पोरगा राखीव बाकावर बसतो. सर्वांत मोठी उणीव म्हणजे हा रस्ता वर जात नाही. अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा पोरगा २०१७च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, पण त्यासाठी त्याला लहानपणीच शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत पुण्याला जावं लागलं. राष्ट्रीय पातळीवरच्या महिला लीगमध्ये शहराच्या नावाने एफसी कोल्हापूर सिटी हा संघ उतरला. तालमींच्या फुटबॉलमध्ये बाईला मात्र अजून प्रेक्षक म्हणूनही सुखाने बसता येईल अशी जागा कमी. जे मैदान सगळ्यांचं म्हणायचं त्यावर अर्धं गाव नसेल, तर ‘सगळ्यांचं’ हा शब्द उसना ठरतो.

थोडक्यात, कोल्हापूरकडे मूळ आहे आणि शेंडा खुरटा आहे. बालेवाडीकडे शेंडा होता, मूळ नव्हतं. कास्तकाराला विचारा, यातलं कुठलं झाड वाचवता येतं.

विम्बल्डनचा धडा

इथं कुणी म्हणेल, मग क्लबाने स्वतःच्या मालकीचं मैदान घ्यावं की झालं. इंग्लंडमध्ये तसंच असतं. पण त्याच इंग्लंडात लंडनच्या नैर्ऋत्येचा विम्बल्डन क्लब आहे. १८८९चा. खालच्या पायऱ्यांवरून चढत १९८८ साली त्याने एफए कप जिंकला. प्लाऊ लेन हे त्याचं जुनं मैदान १९९१मध्ये सुटलं आणि १९९८मध्ये मालकाने ती जागा एका सुपरमार्केट कंपनीला विकली. पुढे तिथं फ्लॅट उभे राहिले. बेघर क्लबाला मग २००२च्या मे महिन्यात सुमारे नव्वद किलोमीटर दूरच्या मिल्टन कीन्सला नेण्याची परवानगी मिळाली. मैदान मालकीचं होतं, पण मालक एकटा होता.

प्रेक्षकांनी काय केलं ते सांगण्यासारखं आहे. त्यांनी त्याच उन्हाळ्यात, विम्बल्डनच्या गायरानवजा मोकळ्या माळावर, कुणीही यावं अशी निवड चाचणी घेतली आणि एएफसी विम्बल्डन नावाचा नवा क्लब काढला. मालकी सभासदांच्या न्यासाकडे. सुरुवात नवव्या पायरीवरून. पहिलाच मैत्रीपूर्ण सामना ते ०-४ हरले आणि तरी बघायला चार हजारांवर माणसं होती. २००३मध्ये त्यांनी किंग्समेडो हे मैदान हातात घेतलं. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीपासून पुढच्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत लीगचे ७८ सामने न हरता काढले. मे २०११मध्ये ल्यूटनला टायब्रेकरवर हरवून क्लब व्यावसायिक लीगमध्ये पोचला. नऊ वर्षांत पाच पायऱ्या. आणि २०२०च्या नोव्हेंबरात ते प्लाऊ लेनला परतले, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, नव्या मैदानात. करोनामुळे त्या दिवशी खुर्च्या रिकाम्या होत्या.

ही परीकथा नाही. किंग्समेडो हे मुळात किंग्स्टोनियन या दुसऱ्या लहान क्लबाचं घर होतं. विम्बल्डनने ते पुढे चेल्सीला विकलं आणि २०१७मध्ये किंग्स्टोनियनला तिथून निघावं लागलं. ज्यांचं घर गेलं होतं त्यांच्याच व्यवहारात दुसऱ्याचं घर गेलं. म्हणून सभासदांची मालकी हेही पूर्ण उत्तर नाही. एका गटाच्या सभासदांना दुसऱ्या गटाची कळ लागेलच असं नाही. तीन तऱ्हा आपल्यासमोर आहेत. मैदान मालकाचं असेल तर तो विकतो. सरकारचं असेल तर क्लब पाहुणा राहतो. मैदान सगळ्या प्रतिस्पर्ध्यांचं मिळून असेल, कोल्हापूरसारखं, तर ते टिकतं. माझा कौल तिसऱ्या तऱ्हेला आहे.

एक दिवसाचे दहा लाख

आता या सगळ्याचा भोकरदनच्या पोराशी संबंध काय?

१५ सप्टेंबर २०१७ रोजी, विश्वचषकाच्या तोंडावर, राज्य सरकारने ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ राबवलं. एका दिवसात राज्यभर दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा, असा संकल्प. शाळाशाळांत चेंडू पोचले, फोटो निघाले, अहवाल गेले. मी त्या उपक्रमाची टिंगल करणार नाही. ज्या पोराने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉलला पाय लावला, त्याचा आनंद खोटा नव्हता. पण १६ सप्टेंबरचं काय, हा प्रश्न उपक्रमातच नव्हता. फुटबॉलची हवा गेली की ती भरायला सुई लागते आणि गावच्या सायकलवाल्याकडे ती असेलच असं नाही. चेंडू म्हणजे वस्तू, ती वाटता येते. मैदान वाटता येत नाही, ते राखावं लागतं. सरकारला वाटणं जमतं, राखणं गावाला जमवावं लागतं.

किती राखायचं? आंतरराष्ट्रीय सामन्याचं नेहमीचं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. कास्तकाराच्या भाषेत सुमारे ७१ गुंठे, पावणेदोन एकर. नियम याहून लहान मैदानालाही परवानगी देतात. पावणेदोन एकरात मिरचीचं काय उत्पन्न निघतं हे पिंपळगावच्या माणसाला मी सांगायला नको, म्हणून ही मागणी हलकी आहे असंही म्हणत नाही. पण एका गावासाठी ७१ गुंठे ही अशक्य गोष्ट नाही.

जागा कुठून आणायची? पहिली जागा शाळेची. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतच शाळेला क्रीडांगण हवं असं लिहिलं आहे. जिथं ते आहे तिथं संध्याकाळी पाचला फाटकाला कुलूप लागतं आणि पोरं रस्त्यावर खेळतात. कुलूप कशासाठी? गुरं शिरतात, काचा फुटतात, दारूच्या बाटल्या सापडतात, या तक्रारी खऱ्या आहेत. त्यावरचा उपाय मैदान ओस ठेवणं हा नाही. ज्या जागेवर रोज संध्याकाळी चाळीस पोरं-पोरी घाम गाळतात तिथं बाटली घेऊन बसायला कुणाला जमत नाही.

दुसरी जागा गायरानाची, आणि इथं जपून बोललं पाहिजे. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचा आदेश दिला आणि त्यावरून राज्यानेही त्याच जुलैत निर्णय काढला. धनदांडग्यांनी गिळलेलं गायरान मोकळं करायचा तो मार्ग आहे. पण मराठवाड्यात गायरानाचा दुसरा इतिहासही आहे. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून दलित आणि भूमिहीन कुटुंबांनी गायरानावर नांगर धरला तो पोटासाठी. खेळाचं नाव पुढे करून त्यांच्या वहितीतली जमीन काढून घ्यायची असेल, तर तसलं मैदान मला नको. ज्या मैदानाची पहिली रेघ कुणाच्या चुलीवरून जाते, त्यावर सगळं गाव कधी एकत्र येणार नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. तेव्हा काही क्रीडाप्रेमींना राग आला होता. मला तो आदेश योग्य वाटला. पण त्यातून ‘दुष्काळी भागाने खेळाचं नाव काढू नये’ असा अर्थ कुणी घेत असेल तर ते चूक. हिरवं गवत हा सुकाळी प्रदेशाचा थाट आहे. आमचं मैदान मुरमाचं असेल, दगड वेचलेलं असेल, खरिपाची घाई संपल्यावर डिसेंबरापासून उन्हं तापेपर्यंत खेळलं जाईल. गुडघे फुटतील. कबड्डीतही फुटतात.

वीणा खाली ठेवायची नसते

सर्वांत जड आक्षेप मात्र वेगळाच आहे. कोल्हापुराला संस्थान होतं, तालमी होत्या, पेठा होत्या. तुमच्या खेड्यात काय आहे? पोरं कामाला संभाजीनगर-पुण्याला जातात, गावात राहतं कोण? मालकाविना, कंपनीविना, दरवर्षी एखादी गोष्ट त्याच जागी, त्याच वेळी, शिस्तीत करत राहायची परंपरा मराठवाड्यात आहे कुठं?

आहे. तिला सप्ताह म्हणतात. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही. एक थकला की दुसरा उभा राहतो, पहारे वाटून दिलेले असतात. कोणत्या दिवशी पंगत कुणाची, हे ठरलेलं असतं. वर्गणी घरटी गोळा होते आणि हिशेब फळ्यावर लागतो. निवडणुकीत एकमेकांची डोकी फोडलेली माणसं एका पंगतीत वाढपी होतात. दुष्काळात पंगत साधी होते, सप्ताह मोडत नाही. कामाला गेलेला पोरगा त्या आठवड्यात रजा टाकून गावी येतो. सामायिक जागा, वाटून घेतलेली जबाबदारी, ठरलेला हंगाम आणि हरल्या-जिंकल्यापलीकडची निष्ठा: टिकाऊ क्लबाला जे जे लागतं ते सगळं इथं आहे. पुण्याच्या चार क्लबांकडे कोट्यवधी रुपये होते, वीणा हातात घ्यायला दुसरा माणूस मात्र नव्हता.

म्हणून खेड्याला फुटबॉल शिकवायला बाहेरून कुणी यावं लागेल; क्लब कसा चालवायचा हे शिकवायला यावं लागणार नाही. ते त्याला येतं. त्याने फक्त ते देवळाच्या ओट्यावरून चार पावलं पुढे, उघड्या जागेवर आणायचं आहे, आणि आणताना मुलींचा पहारा पहिल्या दिवसापासून वहीत लिहायचा आहे. कोल्हापूरची चूक दुसऱ्यांदा करायचं कारण नाही.

आणि एका गावाने एकट्याने मैदान करू नये, असंही मला वाटतं. आसपासच्या चार-पाच गावांनी मिळून एक जागा राखावी. ती एका गावाच्या हद्दीत असेल, पण वापराचा आणि डागडुजीचा ठराव सगळ्या ग्रामपंचायतींचा असावा. दर गावाचा संघ वेगळा, ईर्षा वेगळी, जागा एक. एखाद्या वर्षी एका गावाचा संघ उभा राहिला नाही तरी बाकीचे खेळत राहतील आणि त्या गावाला पुढच्या वर्षी परत यायला मैदान तिथंच असेल. यात संघाला पुरस्कर्ता मिळाला तर उत्तम. त्याने जर्सीवर नाव टाकावं, सातबाऱ्यावर नको.

महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा होतात. १ मे १९८१ला जालना जिल्हा झाला, म्हणून त्या दिवशी आपल्याकडे झेंड्यालाही एक जास्तीचं कारण असतं. येत्या ग्रामसभेला जाताना मोजणीचा टेप बरोबर न्या. शाळेमागची, ओढ्याकाठची, बाजारतळाशेजारची पडीक जागा मोजा. ७१ गुंठे भरले नाहीत तर पन्नास चालतील. तेवढी जागा कुणाला विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही आणि संध्याकाळी तिला कुलूप लावायचं नाही, एवढा तीन ओळींचा ठराव वहीत लिहून घ्या. संघाचं नाव काय ठेवायचं ते पोरं-पोरी ठरवतील.